सत्तर टक्क्यांत न बसणारी शाळा

(आसगाव, ता. पवनी, जि. भंडारा इथे पालक आणि तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलीचा ओघ ठेवून थोडं संपादन केलं आहे.)

  

मला जो विषय दिला आहे तो सरळ आहे. शाळेतलं गणित आणि विज्ञान सुधारायचं तर पैसा कुठून आणायचा? मी शिक्षक नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे कसं शिकवावं यावर मी फार बोलणार नाही. पण पैसा कोणत्या फॉर्ममधून येतो आणि कोणत्या रकान्यात अडकतो, हे शोधायची आमच्या धंद्यात सवय लागते. तेवढंच सांगायला आलो आहे.

आपल्या सभांमध्ये विज्ञानाचा विषय निघाला की अल-ख्वारिझ्मी आणि इब्न अल-हैसम यांचं नाव येतंच. मलाही ते आवडतं. मी रोज ज्या अल्गोरिदमवर पोट भरतो, तो शब्दच ख्वारिझ्मींच्या नावावरून आला आहे. पण एक गोष्ट आपण सांगत नाही. बगदादमध्ये खलिफा मामूनच्या काळात पृथ्वीचा घेर मोजायला माणसं पाठवली गेली, ग्रंथांचे अनुवाद झाले, ते सगळं दरबाराच्या पैशावर झालं. आजच्या भाषेत ते अनुदान होतं. तेव्हा अनुदानाचा विषय काढणं म्हणजे हात पसरणं आहे, असं वाटून घ्यायचं कारण नाही.

बैठक सुरू व्हायच्या आधी एका चाचांनी विचारलं, "बेटा, हमारे बच्चों के नाम का कुछ है क्या?" चांगला प्रश्न आहे. आधी त्याचंच उत्तर देतो.

आहे. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची एक योजना आहे. धार्मिक अल्पसंख्याक विद्यार्थी बहुसंख्य असलेल्या खाजगी शाळा, नगरपालिकांच्या शाळा, आयटीआय यांना पायाभूत सोयींसाठी अनुदान मिळतं. आधी मर्यादा दोन लाख होती, आता दहा लाख आहे. त्यातून प्रयोगशाळा उभारता येते, संगणक कक्ष, ग्रंथालय, प्रोजेक्टर घेता येतो. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत जातो. दुसरी डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना. मदरशात गणित, विज्ञान आणि भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांना तिच्यातून मानधन मिळतं. ऑक्टोबर 2024 मध्ये मंत्रिमंडळाने डी.एड. शिक्षकांचं मानधन 6 हजारांवरून 16 हजार आणि बी.एड. पदवीधरांचं 8 हजारांवरून 18 हजार करायचा निर्णय घेतला. चांगला निर्णय आहे.

आता पहिल्या योजनेची अट ऐका. शाळेत किमान 70 टक्के विद्यार्थी अल्पसंख्याक हवेत.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुस्लिम साडेअकरा टक्के होते. भंडारा जिल्ह्यात दोन टक्क्यांच्या थोडं वर. अल्पसंख्याकांत बौद्ध बांधवही मोजले जातात आणि आपल्या जिल्ह्यात त्यांची संख्या चांगली आहे, तरी सगळे मिळून पंधरा टक्क्यांच्या आसपासच जाते. मालेगाव, भिवंडी, मुंब्रा इथे 70 टक्क्यांची शाळा शोधावी लागत नाही. आसगावात ती कधीच होणार नाही, आणि होऊ नये असंही मला वाटतं. इथलं मुस्लिम पोरगं कुणब्यांच्या, तेल्यांच्या, बौद्धांच्या, ढिवरांच्या पोरांसोबत एका बाकावर बसतं. त्याच्या वाट्याला येणारं विज्ञान त्या शाळेचं विज्ञान आहे. शाळेत भिंग नसेल तर ते सगळ्यांनाच नसतं.

याचा अर्थ समाजाच्या नावाच्या योजनांवर बोलू नये असा नाही. 2022-23 पासून केंद्राने पहिली ते आठवीच्या मुलांची मॅट्रिकपूर्व अल्पसंख्याक शिष्यवृत्ती बंद केली. त्याच डिसेंबरात मौलाना आझाद फेलोशिप बंद केल्याचं संसदेत सांगण्यात आलं. त्याविरुद्ध आपली चळवळ बोलत आली आहे आणि बोलत राहील. पण त्या दोन्ही योजना उद्या परत सुरू झाल्या, तरी आसगावच्या सातवीच्या वर्गात टेस्ट ट्यूब येणार नाही. त्या पैशाचा रस्ता वेगळा आहे.

तो रस्ता समग्र शिक्षा अभियानातून जातो. 2018 पासून सर्व शिक्षा, माध्यमिक शिक्षा आणि शिक्षक प्रशिक्षण या योजना त्यात एकत्र केल्या. केंद्राचे 60, राज्याचे 40 टक्के. त्यातून सरकारी शाळेला दरवर्षी एक संयुक्त शाळा अनुदान मिळतं, पटसंख्येनुसार. 30 पेक्षा जास्त आणि 100 पर्यंत मुलं असतील तर 25 हजार. 100 ते 250 असतील तर 50 हजार. समजा शाळेत 80 मुलं आहेत. 25 हजारांतले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. राहिले साडेबावीस हजार. म्हणजे एका मुलामागे वर्षाला 281 रुपये. यातच खडू, वीजबिल, गळकं छप्पर, तुटलेला नळ. विज्ञानाच्या वाट्याला काय उरतं ते कोणत्याही मुख्याध्यापकाला विचारा, ते हसतील.

आणि हे पैसे कधी येतात? दिल्लीच्या अकाउंटेबिलिटी इनिशिएटिव्ह या संस्थेने 'पैसा' नावाच्या अभ्यासांतून देशभरातल्या शाळांच्या अनुदानाचा माग काढला होता. पैसे आर्थिक वर्ष संपत आल्यावर शाळेत पोचतात, हे त्यात वारंवार दिसलं. मार्चअखेर उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं असतं. पंधरा दिवसांत खर्च करायची वेळ आली की माणूस जे दुकानात तयार आहे ते घेतो. दोष शिक्षकांचा नाही. तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं.

दुसऱ्या टोकाला अटल टिंकरिंग लॅब आहे. नीती आयोगाची, 2016 पासूनची योजना. निवड झालेल्या शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान: दहा उभारणीला, दहा पुढची काही वर्षं चालवायला. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, रोबोटिक्सचे संच. आता हिशेब करा. आपल्या 80 मुलांच्या शाळेला संयुक्त अनुदानातून 20 लाख मिळायला 80 वर्षं लागतील. पण या लॅबसाठी पंधराशे चौरस फूट जागा, चालू इंटरनेट, संगणक कक्ष, पुरेशी पटसंख्या, गणित-विज्ञानाचे शिक्षक अशा अटी राहिल्या आहेत. ज्या शाळेकडे आधीच बरंच आहे तिलाच आणखी मिळेल, अशी ही रचना. 2025 च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत 50 हजार लॅब उभारायची घोषणा झाली. त्यात पवनी तालुक्यातल्या एखाद्या शाळेचा नंबर लागावा म्हणून आपण जरूर प्रयत्न करू. फक्त थ्रीडी प्रिंटर आला म्हणजे भागाकार आला असं होत नाही. 2024 च्या असर अहवालात ग्रामीण भारतातल्या आठवीच्या निम्म्याहून जास्त मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं नव्हतं. मी स्वतः यंत्रांचा माणूस आहे, तरी माझ्या हातात पैसा असता तर तो आधी भागाकाराकडे वळवला असता.

कंपन्यांच्या सीएसआरबद्दलही कोणीतरी विचारणारच. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपन्यांनी दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे असतात. आपल्या जिल्ह्यात वरठीचा पोलाद कारखाना आहे, गडेगावचा वाहन कारखाना आहे, तुमसरकडे मॅंगनीजच्या खाणी आहेत. मागायला काहीच हरकत नाही. मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथले असे प्रस्तावाचे फॉर्म पाहिले आहेत. त्यात पहिला मोठा रकाना असतो: किती विद्यार्थ्यांना लाभ. गावची 80 मुलांची शाळा तिथेच मागे पडते. म्हणून एकट्या शाळेने अर्ज करू नये. केंद्रातल्या आठ-दहा शाळांनी मिळून एक प्रस्ताव द्यावा, साहित्य फिरतं ठेवावं. आकडाही मोठा होतो आणि पेटी कुलपात पडून राहत नाही.

आता मी ज्यासाठी खरं तर आलो आहे ते.

प्रत्येक शाळेला यू-डायस क्रमांक असतो, अकरा अंकी. आपल्या जिल्ह्यातला असेल तर 2710 ने सुरू होतो. हा क्रमांक टाकून शाळेचं रिपोर्ट कार्ड कोणालाही मोबाइलवर पाहता येतं. वीज आहे का, इंटरनेट चालतं का, संगणक किती, ग्रंथालय आहे का, माध्यमिक शाळा असेल तर प्रयोगशाळा आहे का, शिक्षक किती. ही माहिती शाळाच भरते आणि वरचं सगळं नियोजन याच माहितीवर होतं. आता कल्पना करा, वर्गाच्या कोपऱ्यात एक लोखंडी कपाट आहे, त्यात 15 वर्षांपूर्वीचे चार बीकर आहेत. फॉर्म भरताना कोणीतरी 'प्रयोगशाळा आहे' यावर टिक केली. शाळेची लाज राखायला केली असेल, वाईट हेतूने नाही. पण मंत्रालयातल्या संगणकाच्या लेखी तुमची गरज त्या क्षणी संपली. माझ्या कामात आम्ही म्हणतो, चुकीची माहिती आत गेली की बाहेरही चुकीचंच येणार. इथे बाहेर काहीच येत नाही.

तेव्हा तरुणांना माझं पहिलं सांगणं हेच: आपल्या शाळेचं रिपोर्ट कार्ड काढा आणि ते हातात घेऊन शाळेत फिरा. भांडायला जाऊ नका. मुख्याध्यापकांसोबत बसून कागद आणि वर्ग जुळवून बघा. पुढच्या वेळी माहिती भरताना खरं लिहू द्या.

दुसरी जागा शाळा व्यवस्थापन समिती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे तिच्यात 75 टक्के पालक हवेत आणि निम्म्या महिला. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. कलम 22 मात्र फार कोणी वाचत नाही. समितीने शाळा विकास आराखडा करायचा, आणि सरकार किंवा स्थानिक संस्था जी अनुदानं देईल त्यांचा आधार तो आराखडा असेल, असं कायदा म्हणतो. म्हणजे कायद्याने अनुदानाची पहिली ओळ इथे, गावात लिहायची आहे. प्रत्यक्षात काय होतं? आराखडा मागच्या वर्षीचा, तारीख नवी, सह्या घरी जाऊन घेतलेल्या. आपल्या किती अम्मी आणि खाला या समितीवर आहेत, आणि त्यांतल्या किती जणींनी तो कागद वाचला आहे? 'गणिताचं साहित्य, रुपये इतके' अशी ओळ आराखड्यात नसेल तर ती पंचायत समितीतही नसते, जिल्हा परिषदेतही नसते. ग्रामपंचायतीच्या गाव विकास आराखड्याचंही तसंच. येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत शाळेसाठी एक ठराव मांडायला कोणाची परवानगी लागत नाही.

याच कायद्याच्या अनुसूचीत आणखी एक गोष्ट आहे. सहावी ते आठवीसाठी विज्ञान आणि गणिताचा किमान एक शिक्षक हवा, भाषांचा वेगळा, सामाजिक शास्त्रांचा वेगळा. संचमान्यतेच्या मार्च 2024 च्या शासन निर्णयावरून राज्यभर शिक्षक रस्त्यावर उतरले, कारण कमी पटाच्या शाळांत हे शिक्षकच कमी होणार. त्या आंदोलनात पालक फार दिसले नाहीत. शिक्षकांचा प्रश्न शिक्षक बघतील, असं आपण समजलो. पण बीकर विकत घेता येतो, विज्ञानाचा शिक्षक संयुक्त अनुदानातून घेता येत नाही.

इथे एक अवघड प्रश्न येतो. जमातीकडे जो थोडाफार पैसा जमतो, त्यातलं काही जिल्हा परिषदेच्या शाळेला द्यावं का? जकातीचे नियम ठरलेले आहेत, त्याबद्दल आलिमांना विचारावं, मी त्यात पडत नाही. सदका, इमदाद, कोणी खुशीने दिलेली रक्कम, याबद्दल बोलतो. मला कोणी म्हणतं, ती सगळ्यांची शाळा आहे, सरकारने बघावं, आपले पैसे आपल्यांसाठी. माझं मत वेगळं आहे. सरकारने बघावं हे बरोबर, म्हणूनच वरचे कागद सांगितले. पण त्या शाळेत आपली मुलं आहेत आणि त्यांच्या शेजारी बसलेली मुलंही आपलीच आहेत. लोकसहभागातून शाळा रंगते, डिजिटल होते, तेव्हा वर्गणीच्या यादीत मशिदीच्या जमातीचं नाव असावं. उपकार म्हणून नाही. गावाच्या यादीत गावकऱ्याचं नाव असतं, तसं. शिवाय ज्याने पाचशे रुपये दिले तो पुढच्या वर्षी विचारतो, भिंगं कुठे गेली?

किती पैसा लागतो, हेही बघू. 1974 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं, ते सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या अनुदानावर. प्रा. व्ही. जी. कुलकर्णींच्या या गटाने सुरुवातीच्या वर्षांत जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात, गावच्या शाळांमध्ये काम केलं. पुढे मुंबईच्या महापालिका शाळांतल्या दलित मुलांसोबतही. त्यांच्या कामातून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. मुलं विज्ञानात अडतात तेव्हा अनेकदा ती पुस्तकाच्या भाषेत अडलेली असतात. भाषा सोपी केली की तीच मुलं पुढे जातात.

आता आपलं पोरगं बघा. घरी अम्मीशी बोलतं ती आपली हिंदी-उर्दू. गल्लीत झाडीबोली. वर्गात प्रमाण मराठी: बाष्पीभवन, अपवर्तन, घनता. आणि पुढे सेमी इंग्रजी घेतलं तर तेच सगळं इंग्रजीत. चार भाषांच्या पाटातून पाणी शेतात पोचायचं आहे. ज्या मुलाला 'भाप' माहीत आहे त्याला बाष्पीभवन कळायला एक वाक्य पुरतं, पण ते वाक्य कोणीतरी बोलायला हवं. पाचवी ते आठवीच्या पुस्तकांतले दोन-तीनशे शब्द घेऊन, घरचा शब्द, पुस्तकातला शब्द, इंग्रजी शब्द असा तीन रकान्यांचा तक्ता करायला किती खर्च येईल? झेरॉक्सचा. आपल्यातल्या बारावी विज्ञान झालेल्या मुलींनी उन्हाळ्याच्या सुट्टीत करायचं काम आहे हे. मी टाइप करून, छापून द्यायची जबाबदारी घेतो.

साहित्याचंही तसंच. अरविंद गुप्ता आयआयटीतून शिकलेले इंजिनिअर. 1978 मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले आणि आगकाडी आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांपासून भूमितीचे आकार करू लागले. त्रिकोण का वाकत नाही आणि चौकोन का वाकतो, हे त्यात बोटांना कळतं.

आणि आपल्याकडे प्रयोगाचे विषय काय कमी आहेत? धान खरेदी केंद्रावर 17 टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असला की पोतं परत. हे 17 टक्के म्हणजे काय, ते घरातल्या मोठ्यांनाही नीट सांगता येत नाही. 100 ग्रॅम धान तोला, पूर्ण वाळवा, पुन्हा तोला. 83 ग्रॅम भरलं तर 17 टक्के. शेकडेवारीचा याहून चांगला धडा मला सुचत नाही, आणि बापाला केंद्रावर बोलताना उपयोग होतो तो वेगळा. गोसेखुर्द आपल्याच तालुक्यात. नागपूरचं सांडपाणी नागनदीतून कन्हानमध्ये, तिथून वैनगंगेत आणि धरणाच्या पाण्यात येतं. पाणी किती गढूळ आहे हे मोजायला वीस सेंटिमीटरची गोल चकती पुरते, काळ्या-पांढऱ्या रंगाचे चार भाग केलेली, दोरीला बांधलेली. किती खोलीवर दिसेनाशी होते ते लिहायचं. मोठ्या माणसासोबत, नावेतून, दर महिन्याला एकदा. वर्षभराचा तक्ता झाला की त्याला कोणीही पोरखेळ म्हणणार नाही.

या प्रयोगांनाच पैसा मिळू शकतो, तेही थेट मुलाच्या खात्यात. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर-मानक योजना आहे. सहावीपासून पुढच्या मुलांच्या नव्या कल्पना शाळेने ऑनलाइन पाठवायच्या. निवड झाली की नमुना तयार करायला मुलाला 10 हजार रुपये. इथे 70 टक्क्यांची अट नाही, पंधराशे चौरस फूट नाहीत. नाव पाठवायला पैसे लागत नाहीत. लागते ती मुख्याध्यापकांची नोंदणी, मुलाचं बँक खातं आणि पाठवण्यासारखी कल्पना. आठवीत असाल तर एनएमएमएसची परीक्षा आहेच. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या मुलांपैकी जी निवडली जातात, त्यांना नववी ते बारावी वर्षाला 12 हजार. त्या पेपरांत गणित आणि विज्ञानावर बरंच काही ठरतं.

माझी वेळ संपत आली आहे. सोमवारी शाळा सुटताना मुख्याध्यापकांना भेटायला जायचं आहे. चार जण पुरेत, त्यात किमान दोन आया हव्यात. एक बौद्ध वस्तीतून आणि एक समितीवरचं कोणी असेल तर फार बरं. रिपोर्ट कार्डाची प्रत मी काढून आणली आहे, ती घेऊन जा. विचारायच्या गोष्टी तीनच: यातलं काय बरोबर नाही, विकास आराखडा कधी करणार, आणि इन्स्पायरसाठी गेल्या वर्षी किती नावं गेली. नावं पाठवायची मुदत साधारण पावसाळ्यात असते, पण जूनमध्ये धावपळ नको. धान तोलायचं काम या हंगामातलं उरलेलं घेऊन आत्ताच सुरू करता येईल. ज्यांच्या घरी चांगला तोलकाटा आहे त्यांनी इकडे पुढे या, नावं लिहून घेतो.